हयातीचा दाखला

पेन्शनर माणसाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, पाडव्यालाही होत नाही; ते नोव्हेंबरात सुरू होतं. त्या महिन्यात आपण जिवंत आहोत हे बँकेला पटवून द्यावं लागतं. बँकेला पटलं की मग हळूहळू घरच्यांनाही पटतं. पूर्वी हे काम सोपं होतं. काउंटरवर जायचं, यादीत आपलं नाव शोधायचं, यंदा कुणाकुणाच्या नावापुढे रेघ पडली आहे ते हळहळत पाहायचं आणि सही ठोकून बाहेर चहा घ्यायचा. पुढे २०१४ साली केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' नावाची सोय काढली आणि काचेच्या तुकड्यावर अंगठा टेकवून जिवंत होण्याची नवी रीत आली. आमच्या गल्लीत एक निवृत्त मिस्त्री आहेत. चाळीस वर्षं विटा आणि सिमेंट हाताळून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसून गेल्या आहेत. यंत्र म्हणालं, हे गृहस्थ ते नव्हेत. मग तर्जनी झाली, मधलं बोट झालं, उजवा हात संपून डावा सुरू झाला. शेवटी डाव्या करंगळीची ओळख पटली. तेव्हापासून मिस्त्री स्वतःला करंगळीपुरते जिवंत समजतात.

तरी पण माणसाला दहा बोटं दिलेली आहेत, आणि दहांतलं एखादं तरी वेळेला उभं राहतं. संगणकाचं तसं नाही, हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

वर्ध्याचा मे महिना ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की माणसं कूलरसमोर जातात आणि पाली संगणकात जातात. संगणकाच्या पाठीमागे पंख्याची जाळी असते, आत थोडी ऊब आणि थोडा वारा असतो. पालीच्या दृष्टीने ते हिल स्टेशनच. तर अशीच एक पाल आमच्या संगणकाच्या पोटात शिरली आणि नको त्या दोन तारांवर एकाच वेळी पाय ठेवून बसली. 'फट्' असा आवाज झाला, जळका वास आला आणि पाल व संगणक यांची प्राणज्योत एकदमच मालवली. पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं म्हणतात. ही पाल चुकचुकायच्या आधी आमची ही एवढंच म्हणाली होती, "हे धूड आता घराबाहेर काढा."

धूड खरंच जुनं होतं. वीसेक वर्षांच्या संसारात त्याचा माऊस सात वेळा बदलला, कीबोर्ड तीनदा, पडदा दोनदा. आमच्या आजोबांची एक बंडी होती. तिची दोन्ही चाकं बदलून झाली, आख बदलला, जू तर दर दोन वर्षांनी नवं. बैलांचं तर विचारूच नका. पण गावात ती आजोबांचीच बंडी होती, आणि आजोबा गेल्यावरही ती दुसरी बंडी आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. संगणकाविषयीही माझी तीच समजूत होती.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक मुलगा टायपिंगचं आणि दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला सगळे 'भाऊ' म्हणतात, त्याच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. भाऊने डबा उघडला, पालीला कागदात गुंडाळून सन्मानाने बाजूला ठेवलं आणि निदान सांगितलं.

"मदरबोर्ड जयला काकाजी. हार्ड डिस्क मात्र वाचली."

हार्ड डिस्क वाचली म्हणजे सगळं वाचलं, असं मला वाटलं. नागपूरला सीताबर्डीवर हिंडून त्याने त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा जुना मदरबोर्ड मिळवला. जुळा भाऊच म्हणा. तो बसवला, यंत्र सुरू झालं, पडद्यावर नेहमीचं हिरवं माळरान उमटलं. मग मी माझं मराठी टंकनाचं सॉफ्टवेअर उघडायला गेलो आणि त्याने मला ओळखच दाखवली नाही. एक चौकट आली, तिचा मथितार्थ असा की, हा तो संगणक नव्हे, सबब आपला परवाना रद्दबातल आहे.

"याले वाटते का आपन दुसऱ्याच्याच घरात आलो," भाऊ म्हणाला. "आता हे काही उघडत नाई जी."

इथे हे सांगितलं पाहिजे की त्या सॉफ्टवेअरात माझं काही साहित्य नव्हतं. असतं तर ते कुलुपात राहिल्याबद्दल वाचकांनी पालीचे आभार मानले असते. त्यात मावशीच्या ओव्या होत्या. आर्वीची आमची मावशी. शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण जात्यावर बसली की थांबत नसे. २००३ आणि २००४ च्या उन्हाळ्यांत मी तिच्यापुढे वही घेऊन बसलो आणि सहाशे चाळीस ओव्या उतरवून घेतल्या, मग रात्री घरी येऊन एका बोटाने टाइप केल्या. वह्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. ट्रंकेच्या बुडातून उधई चढली आणि तिने पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत सगळं वाचून काढलं. राहिली ती टाइप केलेली प्रत. ती मी सीडीवर घेतली होती, पेन ड्राइव्हवर घेतली होती, भाच्याकडे पुण्याला पाठवून ठेवली होती. प्रती भरपूर होत्या. उघडणारं सॉफ्टवेअर मात्र एकच, आणि ते पालीबरोबर गेलं.

यंदा मावशीचं सहस्रचंद्रदर्शन. सगळ्या भाच्यांनी मिळून ठरवलं होतं, साडीचोळी सगळेच देतात, आपण तिच्या ओव्यांचं पुस्तक छापून तिच्या हातात द्यायचं. मावशीला अलीकडे नावं आठवत नाहीत. मला ती कधी माझ्या नावाने हाक मारते, कधी माझ्या वडिलांच्या. त्यामुळे "तिलाच पुन्हा विचारा" हा सल्ला देणाऱ्या मंडळींशी मी बोलणं सोडलं आहे.

सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन केला. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचं काय चुकलं असं तिला तर मुळीच वाटत नाही. आमच्या सेवाग्रामच्या आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवलेला आहे. लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असताना दिल्लीहून गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. त्याच्यावरून साम्राज्याशी बोलणं होत असे. मला या कंपनीशी बोलणं व्हायला चार दिवस लागले. पलीकडून एका मुलीचा अत्यंत गोड आवाज आला.

"सर, आपलं लायसन्स त्या मशीनला दिलेलं होतं."

"पण बाई, पैसे मी दिले होते."

"हो सर. पण लायसन्स मशीनला आहे."

"ते मशीन वारलं."

ती क्षणभर थांबली. बहुधा दुखवट्याचं एखादं वाक्य तिच्या कागदावर आहे का ते पाहत असावी. मग म्हणाली, "हरकत नाही सर. जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर उघडून तिथे लायसन्स परत केलं, की नव्या मशीनवर लावता येतं."

म्हणजे मयताने स्वतः हजर राहून आपण मयत असल्याबद्दल सही करावी, असा प्रकार. मी तेवीस वर्षं शाळेत नोकरी केली आणि शिक्षण खात्याचे कागद पाहिले. पण इतकी उंची त्या खात्यालाही गाठता आली नव्हती. मी विचारलं, नवीन लायसन्स विकत घेतो. तर ती म्हणाली, त्या जुन्या सॉफ्टवेअरची विक्री बंद झाली आहे. नवं घ्या, पण त्यात जुन्या फाइल्स उघडतीलच असं नाही. हे सगळं ती इतक्या गोडीने सांगत होती की शेवटी मीच तिला धन्यवाद दिले.

भाऊने मग मला हा प्रकार समजावून दिला. यंत्राच्या पोटात नंबरच नंबर असतात. हार्ड डिस्कला एक, नेटवर्क कार्डाला एक, मदरबोर्डाला एक. सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी ते वाचतं, त्यांची मिसळ करून एक खूण बनवतं आणि रोज उघडताना ती खूण जुळते का ते पाहतं. मायक्रोसॉफ्टने २००१ साली विंडोज एक्सपी आणलं तेव्हा तेही असंच यंत्राच्या दहा गोष्टी पाहून ठेवत असे. त्यातल्या एक-दोन बदलल्या तर चालायचं, फार बदलल्या तर पुन्हा परवानगी. (पुन्हा दहाच. मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते भरून आले.) त्याच्या आधी, १९९९ साली, इंटेलने पेंटियम थ्री प्रोसेसरच्याच पोटात एक नंबर कोरून ठेवला होता. तेव्हा लोकांनी खासगीपणाच्या नावाने इतका गलका केला की पुढच्या प्रोसेसरांतून तो काढावा लागला. आमच्यासारख्यांचा गलका कुणाच्या कानावर जात नाही, कारण तो मराठी टायपिंगपुरता असतो.

आणि मराठी टायपिंगला कुलपाचा शाप जन्मापासूनचा आहे. पुण्याला १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. तिचं जिस्ट कार्ड नावाचं एक कार्ड संगणकात खोचावं लागे, तेव्हा पडद्यावर देवनागरी उमटे. कार्ड काढलं की यंत्र पुन्हा इंग्रज. पुढे डीटीपीची दुकानं निघाली आणि डोंगल आलं. अंगठ्याएवढी डबी, संगणकाच्या पाठीला जिथे प्रिंटरची वायर लागते तिथे लावायची. ती असेल तरच मराठी. भाऊच्या वडिलांचंही असंच दुकान होतं. ते रात्री दुकान बंद करताना संगणक तसाच सोडून देत आणि डोंगल तेवढं काढून घरी नेत, देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवत. एकदा पाहुण्यांच्या एका मुलाने तो देव समजून त्याला गंध लावलं, तर दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पत्रिका निघेनात.

पण मला विचाराल तर डोंगल बरं होतं. ते किल्लीसारखं होतं. ज्याच्या हाती किल्ली तो धनी, हे आपल्याला कळतं. किल्ली कमरेला लावता येते, सुनेच्या हाती देता येते, हरवली तर घरातल्या सगळ्यांवर ओरडता येतं. या नव्या पद्धतीत कुलूपही आत आणि किल्लीही आत, आणि घर जळलं तर 'आता तुम्ही या घरचेच नव्हे' असं कुलूपच आपल्याला सांगतं.

अशा वेळी जे घडायचं तेच घडलं. एक शुभचिंतक भेटला. माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, कॉलेजात जाणारा. "आजोबा, क्रॅक टाकून देतो," म्हणाला. म्हणजे काय, तर याच सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत. ती कुठल्याही संगणकावर चालते, नंबर विचारत नाही, कुणाचाही संगणक तिला परका नाही. विकत घेतलेली प्रत एका यंत्राची पतिव्रता आणि चोरलेली जगन्मित्र! मी म्हटलं, आपण सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर राहतो. अस्तेय हे आश्रमाच्या एकादश व्रतांतलं एक आहे. त्यावर ही आतून म्हणाली, "आपल्याच मावशीच्या ओव्या आपण घ्यायच्या, यात चोरी कसली?"

हा कायद्याचा मुद्दा होता, म्हणून शेजारच्या वकीलसाहेबांकडे गेलो. ते निवृत्त झाले असले तरी फुकट सल्ला देताना त्यांना जुना उत्साह येतो. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. बावन्नाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे : ज्याच्याकडे प्रोग्राम कायदेशीरपणे आहे त्याला तो हरवला, नष्ट झाला, बिघडला तर म्हणून प्रत करून ठेवता येते. मी आनंदाने उठलोच. त्यांनी मला हाताने खाली बसवलं.

"प्रत ठेवता येते. ती चालली पाहिजे, असं कुठं म्हटलंय?"

"आणि क्रॅक?"

त्यांनी चष्मा वर केला. "कलम त्रेसष्ट-ब. चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत." मग जरा विचार करून म्हणाले, "तुमचं वय पाहता सात दिवसांत भागेल."

क्रॅकचा विषय तिथेच संपला. भाऊनेही नाक मुरडलं. त्याचं म्हणणं, क्रॅकच्या पोटात कोणता किडा असेल सांगता येत नाही, एका पालीत हे झालं.

मग भाऊने ती फाइल सॉफ्टवेअरला बाजूला ठेवून साध्या नोटपॅडात उघडली. सहाशे चाळीस ओव्या समोर आल्या, पण अशा, की एखाद्या फ्रेंच माणसाला मिरचीचा ठसका लागावा. डोक्यावर टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली, कुठल्या कुठल्या युरोपी भाषांची अक्षरं. भाऊ म्हणाला, ओव्या यातच आहेत. फक्त त्या काळी 'क' कोणत्या जागेवर बसवायचा नि 'ळ' कोणत्या, हे जो तो आपल्या मनाने ठरवी. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला आपली पक्की जागा आहे. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या गावी तेव्हा युनिकोड पोचलं नव्हतं. कोणत्या चिन्हामागे कोणतं अक्षर दडलंय हे कळलं की कोष्टक करून सगळं बदलता येईल.

"पन काकाजी, येक तरी छापेल पान पायजे. नाईतर कायच्यावरून वयखाचं?"

छापलेलं पान कुठून आणायचं? घर उलथंपालथं केलं. वीज बिलं सापडली, भाच्याच्या मुंजीची पत्रिका सापडली, ओव्यांचं पान नाही. शेवटी आर्वीला फोन केला. मावशीच्या सुनेने सांगितलं, सासूबाईंच्या पोथीत एक घडी केलेला कागद आहे, त्या कुणाला हात लावू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी बस पकडून गेलो. २००३ साली पहिलं पान छापून मी तिला दाखवायला नेलं होतं, ते तिने पोथीत ठेवून दिलं होतं. एका कोपऱ्यावर कुंकू सांडलेलं, घडीवर फाटलेलं. पण अकरा ओव्या शाबूत.

रोझेटा गावी १७९९ साली सापडलेल्या एका शिळेवर तीन लिप्यांत एकच मजकूर होता, त्यावरून शॉंपोलियॉंने १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी सोडवली, असं मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. आपल्याच मातृभाषेसाठी ते करावं लागेल असं मनात आलं नव्हतं. भाऊ पडद्यापुढे, मी कागद घेऊन शेजारी. "टोपीवाला ओ म्हंजे?" "दळण मधला द." "दोन टिंबांचा यू?" "जोडाक्षरातला अर्धा स." शॉंपोलियॉंला तेवीस वर्षं लागली असती तरी चाललं असतं, त्याच्या मावशीचं सहस्रचंद्र नव्हतं. आम्ही नऊ संध्याकाळी बसलो. भाऊने त्याचे पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मीच पाजायचा असा करार होता, आणि तो यंत्राशी नव्हे, माणसाशी होता.

दहाव्या संध्याकाळी कळ दाबली आणि ओव्या मराठीत आल्या. बऱ्याचशा. जुन्या पद्धतीत अक्षरं दिसतील त्या क्रमाने लिहीत, नव्या पद्धतीत ती उच्चाराच्या क्रमाने लिहितात. आणि आपली ऱ्हस्व वेलांटी अशी लबाड, की दिसते आधी आणि बोलली जाते नंतर. रफार त्याच्या उलट. त्यामुळे पहिल्या प्रतीत आमचं गाव 'वधार्' झालं आणि मावशीचं 'आवीर्'. किसनदेवाचा 'कसिनदेव' झाला, तिफनीऐवजी शेतात 'तफिन' चालू लागलं. या वेलांटीने मोठमोठ्यांना दमवलं आहे. आमच्या पवनारच्या विनोबांनी लिपी सोपी व्हावी म्हणून लोकनागरी सुचवली. लखनौला १९५३ साली लिपिसुधारणेची परिषद भरली, तिने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यावी असं ठरवलं. १९५७ साली ती मुकाट्याने डावीकडे परत आली. परिषदेला जे जमलं नाही ते भाऊला एका संध्याकाळीत कसं जमावं? राहिलेल्या चुका हाताने काढाव्या लागणार होत्या, आणि काही ठिकाणी मूळ शब्द कोणता हेच मला आठवेना.

म्हणून छापलेली भेंडोळी घेऊन पुन्हा आर्वीला गेलो. आधी मनात धाकधूक होती. मावशी ओसरीत बसली होती. "काहून रे बाबू," म्हणाली, "माया ओव्या त्या डब्यात अडकल्या म्हन्ते?" मी वाचायला सुरुवात केली. सकाळी काय जेवलो हे न आठवणारी मावशी, पहिली ओळ मी वाचली की दुसरी स्वतः म्हणू लागली. मी चुकीचा वाचलेला शब्द ती न थांबता दुरुस्त करी. दोन ठिकाणी तर २००३ सालीच मी चुकीचं ऐकलं होतं असं निघालं. मधेच तिचा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरायला लागे. तीन दिवसांत आम्ही पाचशे ओव्यांपर्यंत आलो.

छापखान्यातून फोन आला : पहिल्या पानावर 'सर्व हक्क' कुणाचे टाकायचे? परवान्याच्या प्रकरणात मी इतका होरपळलो होतो की त्या शब्दानेच दचकलो. गांधीजींच्या 'हिंद स्वराज'ची इंग्रजी आवृत्ती १९१० साली निघाली, तिच्यावर हक्क राखून ठेवलेले नाहीत असं छापलं होतं, ते आठवलं. तसंच टाकावं असं मनात आलं. पण ओव्या माझ्या नाहीत, म्हणून मावशीलाच विचारलं.

"हक्क कायचा रे? मले त माया सासूनं सांगतल्या," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "पन त्या मिरगाच्या तीन ओव्या माया नाई. त्या शेजारनीच्या हायेत. तिले इचारल्याबिगर छापजो नोको."

शेजारीण सध्या हिंगणघाटला लेकीकडे असते. उद्या सकाळच्या बसने निघायचं आहे.